एकदाच विचारणाऱ्या घरातला समोवार

मी एक जुना समोवार आहे. आता समोवार म्हणजे काय, हे तुमच्यातल्या बहुतेकांना ठाऊक नसणार, हे मी धरूनच चालतो. मित्रांनो, तुमच्या पणजीच्या न्हाणीघरात पाणी तापवायचा तांब्याचा बंब असायचा. त्याचा मी धाकटा चुलतभाऊ. पोटातून उभी नळी, नळीत पेटलेले कोळसे, नळीभोवती पाणी, खाली तोटी आणि डोक्यावर चहाची किटली ठेवायला जागा. बंबाचं पाणी अंगावर घेतात आणि माझं चहात घेतात, एवढाच काय तो फरक.

नाव परदेशी असलं तरी मी अस्सल पुण्याचा. कसबा पेठेतल्या तांबट आळीत माझा जन्म झाला. देश स्वतंत्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. एका सकाळी मोमिनपुऱ्यातले मैनुद्दीन मास्तर टोपी सावरत आळीत शिरले आणि त्यांनी बजरंग तांबटांपुढे कागदावर काढलेलं एक चित्र धरलं. बजरंग तांबटांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, की मास्तर, हा तर बंबच आहे, पण एवढ्याशा बंबात आंघोळ कोण करणार? मास्तर जरा रागावले. मग त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की हा इराणात घरोघर असतो, यात चहाचं पाणी दिवसभर उकळत राहतं आणि माणसं भोवती बसून गप्पा मारतात. तांबटांनी मान हलवली. चहा पिण्यासाठी कुणी एवढा खटाटोप करील हे त्यांना पटलं नसावं, पण कामात त्यांनी कसूर ठेवली नाही. पत्रा तापवला, वळवला, डाख देऊन सांधला आणि बाहेरून असा मठारला, की ते ठोके आजही माझ्या अंगावर जसेच्या तसे आहेत. आतून कल्हई लावली तेव्हा मी चांदीसारखा झळकत होतो. हो, स्वतःच सांगतो. दुसरं कोण सांगणार?

मैनुद्दीन मास्तर पेठेतल्या एका शाळेत फार्सी शिकवत. तेव्हा मुलांना संस्कृतच्या ऐवजी फार्सी घेता येई. मास्तरांच्या घराण्यात ही भाषा बापाकडून मुलाकडे आलेली. पण गंमत अशी, की मास्तरांनी इराण तर सोडाच, लोणी काळभोरच्या पलीकडचा मुलूखही फारसा पाहिला नव्हता. जे काही शिकले ते वडिलांकडून आणि जाडजूड पुस्तकांतून. एकदा मोठ्या हौसेनं ते कॅम्पातल्या एका इराणी हॉटेलात गेले आणि गल्ल्यावरच्या मालकाला त्यांनी अदबीनं, दरबारी फार्सीत, त्याच्या तब्येतीचं विचारलं. मालकानं चष्म्यावरून पाहिलं आणि हिंदीत विचारलं, की साहेब, चहा एक की दोन? मास्तर चहा पिऊन मुकाट्यानं परत आले. पण तिथे कोपऱ्यात वाफ सोडत बसलेला समोवार त्यांच्या मनात भरला. त्याचंच चित्र घेऊन ते तांबट आळीत आले होते. म्हणजे त्या मालकानं उत्तर दिलं नाही म्हणून मी जन्माला आलो, असंही म्हणता येईल.

मास्तरांच्या मधल्या खोलीत संध्याकाळी शिकवणी भरे. मी मध्ये, मुलं भोवती. शाळेतली चार-दोन पोरं, कॉलेजात जाणारा शरच्चंद्र, ज्याला पेशवाईतले फार्सी कागद वाचायचे होते, आणि मास्तरांची मुलगी शकीला. चहाचा दंडक ठरलेला होता. ज्याला चहा हवा त्यानं आधी शेजारच्याला फार्सीत विचारायचं. प्रश्न बिनचूक आला तर दोघांना चहा. चुकला, तर दोघंही तहानलेले.

प्रश्न कसा करायचा, हे मास्तर फार सोपं करून सांगत. ते म्हणत, की इंग्रजीत प्रश्न विचारायचा तर वाक्याची उलटीपालटी करावी लागते. फार्सी आपल्या मराठीची मैत्रीण आहे, तिचंही क्रियापद मुकाट्यानं शेवटी जाऊन बसतं. 'तुम्ही चहा घेता का?' यातला शेवटचा 'का' उचला आणि 'आया' म्हणून वाक्याच्या अगदी पुढे ठेवा. 'आया शुमा चाय मैल दारीद?' बाकी सगळं जागच्या जागी. मग ते मानाच्या शब्दांवर येत. साधा माणूस खातो, पण पाहुणा खात नाही, तो 'मैल फरमावतो'. साधा माणूस येतो, पाहुणा तशरीफ आणतो. साधा माणूस बोलतो, पाहुणा फर्मावतो. पोरं हसत. तेव्हा मास्तर विचारत, की 'फर्मान' तुम्ही मराठीत वापरता ना, मग हसता कशाला?

आणि मास्तरांचा आणखी एक नियम होता, तो लक्षात ठेवा. सवाल एकदाच विचारायचा, पण धड विचारायचा. नीट घडवलेला सवाल दुसऱ्यांदा विचारावा लागत नाही, असं ते म्हणत. कुणी तोच प्रश्न परत विचारला, की मास्तर त्याचा पेला उचलून पालथा घालत. गेला त्याचा चहा. पुण्यात हा नियम शिकवायची गरज काय होती, देव जाणे. इथे मुळात एकदा विचारतात हेच उपकार.

शकीला या सगळ्यांत पुढे होती. परकर सावरत माझ्याशेजारी बसायची आणि असे घोटीव प्रश्न विचारायची, की मास्तरांचे डोळे भरून यायचे. ते कधी तिची उघड स्तुती करत नसत. पहिला पेला मात्र तिच्यासाठी भरत. माझी तोटी त्यांच्या हाताला अशी सवयीची झाली होती, की न बघता ते पेला काठोकाठ भरत आणि एक थेंब खाली सांडत नसे. ती माझी भरभराटीची वर्षं. महिन्यातून एकदा चिंचेनं घासणं, वर्षातून एकदा कल्हई. लग्नातल्या नवरदेवालाही एवढं कुणी सजवत नसेल.

मग दिवस पालटले. शाळेत फार्सी घेणारी मुलं कमी होत गेली, शरच्चंद्राला नोकरी लागली, आणि एका हिवाळ्यात मास्तर गेले. आयुष्यभर फार्सी शिकवून एकाही इराण्याशी त्यांचं धड बोलणं झालं नव्हतं. ही हळहळ ते जाताना बोलून गेले, आणि ती शकीलाच्या काळजात रुतून बसली. चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर तिचे चांदमामू म्हणाले, की आता हा समोवार मोडीत घालावा, तांब्याला बरा भाव आहे. मी गारठलोच. पण शकीलानं उठून मला नुसतं पुसलं, आणि मामूंनी तो विषय सोडला. ती एम. ए. करत होती आणि उरलेल्या दोनतीन मुलींना घरीच शिकवत होती. दंडक तेच होते. पालथा पेलासुद्धा.

सत्तर सालानंतर पुण्यात एकदम इराणी विद्यार्थी दिसू लागले. रस्त्यारस्त्यावर लांब केसांची, मोठ्या कॉलरची ती पोरं. त्यातला बहराम नावाचा एकजण आमच्या समोरच्या घरी वरच्या खोलीत राहायला आला. शकीलाच्या अम्मीनं, म्हणजे हुस्नबानूंनी, त्याला चहाला बोलावलं. शकीलानं त्या दिवशी मला असं घासलं, की माझ्यात तिचा चेहरा दिसत होता. बहराम आला, बसला, आणि तिनं अब्बांनी शिकवलेला सगळ्यात मानाचा प्रश्न त्याला विचारला. तो क्षणभर बघत राहिला आणि खळखळून हसला. पोरगा वाईट नव्हता. त्यानं लगेच माफी मागितली आणि मोडक्या हिंदीत सांगितलं, की तुमची भाषा फार सुंदर आहे, पण असं तर आमच्याकडे कुणी वजिरालाही विचारत नाही. शकीला हसली. तो गेल्यावर मात्र माझ्यापाशी बसून राहिली, आणि मला तिच्या मनातलं कळलं. अब्बांची फार्सी जिवंत आहे, की ते आयुष्यभर एक मेलेली भाषा शिकवत राहिले?

त्याच वर्षी इराणी नववर्ष झाल्यावर बहरामची आई इराणातल्या यज्द शहरातून त्याला भेटायला आली. महीन खानम त्यांचं नाव. गोऱ्यापान, ठेंगण्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. त्या आल्या आणि आठवड्याभरातच बहरामच्या कॉलेजनं कारखाने दाखवायला मुलांना दक्षिणेकडे न्यायचं ठरवलं. न जावं तर वर्ष बुडणार. बहराम शकीलाकडे आला. म्हणाला, की आईला इंग्रजी येत नाही, हिंदी येत नाही, तिला काही हवं-नको झालं तर सांगणार कुणाला? मी येईपर्यंत तिला तुमच्याकडे ठेवून घ्याल का? शकीलानं शब्द दिला. खानम आमच्या मधल्या खोलीत राहायला आल्या, आणि त्यांचा पलंग माझ्या अगदी समोर पडला.

आता पुढचं नीट ऐका, मित्रांनो.

पहिल्या दिवशी हुस्नबानूंनी मटणाचा झणझणीत रस्सा केला. खानमनी दोन घास खाल्ले, डोळ्यांतून पाणी काढलं आणि छातीवर हात ठेवून आभार मानले. शकीलानं विचारलं, 'आया गजा मैल दारीद?' म्हणजे, आणखी जेवण घ्याल का? खानम हसून म्हणाल्या, 'नखैर, मुतशक्किरम.' नाही, आभारी आहे. झालं. एकदा विचारलं, एकदा उत्तर आलं, ताट उचललं गेलं.

पुढे रोज हेच. शकीला विचारी, खानम नको म्हणत, आणि हुस्नबानू भांडी आवरत म्हणत, की नको म्हणतात ना, मग काय कोंबायचं? तेही खरंच होतं. एकदा नाही म्हटल्यावर परत परत विचारणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं, असं त्या घराला वाटे. पण मला जे दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. हुस्नबानू मंडईत गेल्या आणि शकीला कॉलेजात गेली, की खानम भिंतीला धरून मागच्या परसात जायच्या. परत यायच्या, पडायच्या, पुन्हा उठायच्या. उन्हाळा मी म्हणत होता. त्यांना पाणी बाधलं होतं, पोट बिघडलं होतं, आणि त्या ते कुणाला सांगत नव्हत्या. माझा जीव नुसता कढत होता. पण मला तोटी आहे, जीभ नाही.

खानमचा चेहरा उतरलेला शकीलालाही दिसला. तिला वाटलं, आपला प्रश्नच कमी पडतोय. बिचारी रोज माझ्याशेजारी बसून वाक्य घडवायची. आधी तिनं 'मैल दारीद' काढून 'मैल मी-फरमाईद' असं जास्त मानाचं केलं. खानमनी जास्त वाकून नको म्हटलं. मग तिनं पुस्तकातून शोधून 'मिजाज-ए-शरीफ?', म्हणजे आपली तब्येत कशी आहे, असं विचारलं. खानमनी हात जोडल्यासारखे करून सांगितलं, की आपल्या कृपेनं उत्तम आहे. मग तिनं विचारलं, 'आया कसालती दारीद?' आजारीपणासाठी याहून नाजूक शब्द त्या भाषेत नसेल. खानमनी तितक्याच नाजूकपणे नाही म्हटलं आणि वर सांगितलं, की आपण कष्ट घेऊ नयेत. बघा म्हणजे. प्रश्न जितका उंच, तितका नकार उंच. 'आया' पुढे आणून पाहिला, काढून पाहिला, शब्द हलवून पाहिले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि एका दुपारी खानम दारातच घेरी येऊन बसल्या.

गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर सुनीती यांचा दवाखाना होता. बाई हाताच्या गुणाच्या, पण तोंडाच्या फटकळ. येऊन त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबलं आणि शकीलाला म्हणाल्या, की विचार, उलट्या-जुलाब काही होतंय का? शकीलानं विचारलं. जुलाबाला मानाचा शब्द तिला सापडेना, म्हणून जरा आडवळणानं विचारलं. खानम लाजेनं लाल झाल्या आणि म्हणाल्या, की नाही, काही नाही.

"जीभ लाकडासारखी कोरडी आहे आणि म्हणे काही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एक तर ही बाई खोटं बोलतेय, नाहीतर तुला विचारता येत नाहीये. पाणी पाजत राहा. मी दवाखाना आटपून परत येते, तोवर खरं काय ते विचारून ठेव. नुसत्या 'नाही'वर मी औषध कशाचं देऊ?"

त्या गेल्या. हुस्नबानू सरबत करायला आत गेल्या. शकीला माझ्याजवळ जमिनीवर बसली आणि तोंडात पदर धरून रडू लागली. त्या पोरीवर तेव्हा डोंगर कोसळला होता. परक्याची आई आपल्या भरवशावर ठेवलेली, तिचं काही बरंवाईट झालं तर बहरामला तोंड कसं दाखवायचं? आणि इतकी वर्षं अब्बांनी शिकवलं ते असं ऐन वेळी कुचकामी ठरावं? मला तर वाटत होतं, कुणीतरी कोळसे घालावेत आणि मी शिट्टी वाजवून घर गोळा करावं. पण त्या दिवशी मला कुणी पेटवलंही नव्हतं.

खानमनी तिला रडताना पाहिलं. स्वतःला धड बसता येत नव्हतं, तरी त्या कोपरावर उठल्या, उशाशी ठेवलेल्या पिशवीतून मूठभर पिस्ते काढले आणि हात पुढे केला. रडणाऱ्या लेकराला खाऊ द्यावा, तसा. शकीलानं डोळे पुसत मान हलवली, नको. खानमनी हात मागे घेतला नाही. घे, म्हणाल्या. शकीला संकोचून पुन्हा नको म्हणाली. आजारी बाईच्या पिशवीतलं काय घ्यायचं? तेव्हा खानमनी तिचा हातच ओढला, पिस्ते तिच्या तळव्यावर ठेवले आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. त्यांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. शकीला 'नको' म्हणाली होती हे त्यांनी जणू ऐकलंच नव्हतं.

शकीला त्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिली. मग पलंगाकडे बघितलं. मग पुन्हा मुठीकडे. आणि मला दिसलं, की पोरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या बाईच्या देशात पहिला नकार म्हणजे नकार नसतो. ती नुसती रीत असते. आणि आपण इतके दिवस त्या रीतीलाच उत्तर समजून ताटं उचलत बसलो.

ती पलंगाला टेकून बसली. सगळे मानाचे शब्द तिनं बाजूला ठेवले आणि खानमचा हात हातात घेऊन अगदी साधं विचारलं, "मादर, कुजा दर्द मी-कुनद?" आई, कुठे दुखतंय?

कुठेच नाही, खानम म्हणाल्या.

शकीलानं हात सोडला नाही. "कुठे दुखतंय, आई?"

काही नाही, बाळ, तू कष्टी होऊ नकोस.

अब्बांनी पेला पालथा घातला असता. तरी ती तिसऱ्यांदा म्हणाली, "मला सांगा, आई. कुठे दुखतंय?"

मग खानमनी शकीलाचा हात उचलून आपल्या पोटावर ठेवला आणि "दुख्तरम," माझी लेक, एवढंच म्हणून त्या ढसाढसा रडू लागल्या. आणि मग जे बांध फुटल्यासारखं आलं त्यातलं अर्धं शकीलाला समजलं नाही, कारण ते पुस्तकातलं नव्हतं. पण जेवढं समजलं तेवढं पुरेसं होतं. डॉक्टर सुनीती परत आल्या तेव्हा शकीलानं सगळं घडाघडा सांगितलं. त्यांनी दवाखान्यात नेऊन सलाइन लावलं आणि शकीलाला एवढंच म्हणाल्या, की आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. पुण्यात याला शाबासकी म्हणतात.

खानम घरी परत आल्यावर डॉक्टरांनी बजावलं, की यांना फक्त उकळलेलं पाणी द्यायचं. मग काय विचारता, मित्रांनो! कोळसे आले, मी पेटलो, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्या घराला माझ्यावाचून पान हलेना. हुस्नबानू मऊ भात आणि दही करत आणि स्वतः पलंगाशी बसून आग्रह करकरून भरवत. त्या म्हणायच्या, की अगं, आपल्याकडेही पंगतीत लोक ताटावर आडवा हात धरतात आणि आपण त्यातूनही वाढतोच की. मग हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? मग स्वतःच उत्तर द्यायच्या. आपण आग्रह लाडवाचा करतो. दुखण्याचा आग्रह करून विचारावं, हे कुणाला सुचतं?

बरं वाटल्यावर खानमनी आपल्या बाजूचं सांगितलं, तेव्हा सगळे हसून हसून बेजार झाले. त्यांना वाटलं होतं, हे फार खानदानी घर दिसतं. इथली मुलगी बादशहाच्या दरबारात विचारावं तसं विचारते. आता एवढ्या उंची भाषेत कुणी प्रकृती विचारली, तर माणूस आपल्या पोटाचं गाऱ्हाणं कुठल्या तोंडानं सांगणार? आणि एकदाच विचारून गप्प बसतात, त्यावरून त्यांना वाटलं, की हे नुसतं रीत म्हणून विचारताहेत, खरंच जेवायला बसलो तर अडचण होईल. मग त्या शकीलाला म्हणाल्या, की तुझ्या बापानं तुला जी भाषा शिकवली ती माझ्या आजोबांच्या तोंडी होती. त्यांच्यानंतर ती मी तुझ्याच तोंडून ऐकली. शकीला उठून आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं.

बहराम परतला तेव्हा त्याची आई उंबऱ्यात बसून हुस्नबानूंना पिस्ते सोलून देत होती. दोघींची एक भाषा नव्हती, तरी बोलणं चाललं होतं.

त्यानंतर शकीलाच्या शिकवणीतला एक नियम बदलला. एकदा विचारून थांबणाऱ्याचा पेला पालथा घातला जाऊ लागला. पुढे ती कॉलेजात फार्सी शिकवू लागली, लग्न झालं, रहीम झाला. हुस्नबानू शेवटच्या आजारात सगळ्याला नको म्हणत, पण शकीला त्यांच्या नको म्हणण्याला कधी भुलली नाही. आल्यागेल्याला, मोलकरणीला, रडकुंडीला आलेल्या विद्यार्थिनीला ती दोनदा, तीनदा विचारी, आणि तिसऱ्या खेपेला माणसं बोलत. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

मोमिनपुऱ्यातलं घर सुटलं आणि आम्ही कोंढव्याच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे कोळसे पेटवायची सोय नाही. विजेची किटली आली, ती दोन मिनिटांत पाणी उकळते आणि टक् करून गप्प बसते. तिच्याभोवती कुणी बसत नाही. मी शोकेसमध्ये गेलो. माझी कल्हई उडाली, नळीत कोळ्यानं घर केलं. शकीलाचे यजमान गेले. रहीम बंगळुरूला असतो, चांगली नोकरी आहे, स्वभावानं चांगला आहे. दर रविवारी न चुकता फोन करतो. त्याच्याविरुद्ध मला एक शब्द बोलायचा नाही.

गेल्या शनिवारी शकीला न्हाणीघरात घसरली. हाडाचं काही नाही, पण उजवं मनगट सुजून भाकरीएवढं झालं आहे. डब्याचं झाकण तिला उघडत नाही. पोळ्या होत नाहीत म्हणून ती चहात बिस्किटं बुडवून खाते. रविवारी रहीमचा फोन आला, तो तिनं स्पीकरवर ठेवला होता, कारण हातात धरवत नव्हता. पडल्याचं तिनं ओझरतं सांगितलं.

"जास्त लागलं का, अम्मी? मी येऊ का?"

"नको रे. एवढ्यासाठी कशाला? तुझी कामं पडली असतील."

"बरं. काळजी घे मग."

फोन बंद झाला. शकीला तिथेच बसून राहिली, टेबलावरच्या फोनकडे बघत. तिनं आयुष्यभर दुसऱ्यांना तीनदा विचारलं, मित्रांनो. पण आपल्याला तीनदा विचारावं, हे तिनं पोटच्या पोराला शिकवलं नाही. स्वतःसाठी असं कुणी शिकवतं का?

आता या जागी मी म्हणायला हवं, की जुन्या वस्तू जपा, मला चिंच लावून घासा, माझी कल्हई करून आणा. राहू द्या. मी तांब्याचा आहे, मला काही होत नाही. तुमच्या घरात कुणीतरी आज 'नको' म्हणालं असेल, 'बरी आहे' म्हणालं असेल. जा, त्यांच्याजवळ बसा आणि परत विचारा. तरी नको म्हणाले तर उठू नका, आणखी एकदा विचारा. मानाचे शब्द नसले तरी चालेल, वाक्य मागेपुढे झालं तरी चालेल. तुम्हाला जीभ आहे. मला नाही, आणि या फ्लॅटमध्ये शकीलापाशी माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

रहीमचा फोन रविवारी येतो. आज मंगळवार आहे.